दोन नंबरची कुस्ती

गावची यात्रा झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर एक ठरलेली बातमी येते. अमुक गावच्या निकाली कुस्त्यांच्या जंगी मैदानात तमुक मल्लानं घिस्सा डावावर प्रतिस्पर्ध्याला अस्मान दाखवलं, इनाम इतकं, उपस्थित मान्यवर इतके. बातमीच्या शेवटी एक ओळ असते: याशिवाय पुढील मल्लांनी चटकदार कुस्त्या केल्या. तिच्यापुढं दहा-पंधरा नावं, स्वल्पविरामांनी एकमेकांना बांधलेली. मी ही बातमी शेवटाकडून वाचतो. आज बोलायचं आहे ते त्या शेवटच्या ओळीतल्या माणसांबद्दल.

मैदानातल्या कुस्त्यांना नंबर असतात. सगळ्यात मोठ्या इनामाची ती एक नंबरची, तिच्या खालची दोन नंबरची, मग तीन, चार, पाच. व्यवहारात आपण दोन नंबर म्हटलं की चोरटा धंदा आठवतो. मैदानात मात्र उलट आहे. तिथं संशय घ्यायचाच झाला तर लोक एक नंबरवर घेतात. दोन नंबरची कुस्ती बहुतेक खरी असते. का, ते पुढं येईलच.

सातारा-सांगलीच्या कुस्तीला हंगाम असतो, उसाला असतो तसा. पावसाळा हा मेहनतीचा काळ. तालमीत माती उकरायची, जोर-बैठका वाढवायच्या, नागपंचमीच्या आगेमागे जवळपास एखादी कुस्ती करायची. पाऊस मागं सरू लागला की पलूस तालुक्यातल्या कुंडलचं मैदान येतं. हंगामाची पहिली मोठी परीक्षा तीच. तिथं कोण कुणाशी लढला आणि कसा लढला, यावर पुढच्या सहा-सात महिन्यांचा भाव ठरतो. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाची यात्रा, त्याच सुमाराला पुसेगावला सेवागिरी महाराजांची, पौषात औंधला यमाईची आणि पालीला खंडोबाची. चैत्र-वैशाखात तर गावोगावच्या ग्रामदैवतांच्या यात्रा एकीला एक लागून येतात. सकाळी एका गावात, संध्याकाळी दुसऱ्या गावात, अशी पैलवानांची धावपळ सुरू होते. यात्रांबरोबर उरूसही आले. आपल्या भागातले काही उरूस मराठी तिथीनं भरतात, त्यांचं ठीक आहे. जे चांदाच्या हिशेबानं भरतात ते दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडं सरकतात. त्यामुळं एखाद्या पिराचं मैदान काही वर्षं उन्हाळ्यात येतं, काही वर्षं भर पावसात. पावसात आलं की पैलवान एवढंच म्हणतात, यंदा पीर रुसला.

या मैदानांना पैसा कुठून येतो? गावात घरटी वर्गणी असते, पण ती तंबू आणि हलगीवाल्यांनाच पुरते. मोठा हात असतो बाहेर गेलेल्यांचा. साताऱ्याकडच्या गावांत मुंबईतले माथाडी कामगार, खानापूर-आटपाडीकडं देशभर सोनं-चांदी गाळायला गेलेले गलाईवाले. गावदेवाच्या यात्रेला ही मंडळी येतात, आणि एखादी कुस्ती आपल्या वडिलांच्या नावानं लावतात. पत्रकावर कुस्तीच्या खाली ते नाव छापलं जातं. कारखाने, पतसंस्था, पुढारी हेही आले. पण पुढारी सहसा एक नंबर घेतो. दोन नंबर आणि तीन नंबर उभे राहतात ते या गलाईवाल्यांच्या आणि माथाड्यांच्या पैशावर.

मैदानाचा दिवस कसा जातो ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दुपारी हलगी-घुमकं सुरू होतं. पहिल्यांदा पोरांच्या कुस्त्या. पूर्वी त्या रेवड्यांवर व्हायच्या. जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या, हरणाऱ्यालाही थोड्या. आता दहा-वीस रुपयांची नोट देतात. मग जरा मोठी पोरं उघड्या अंगानं हौद्याभोवती हात वर करून फिरू लागतात. याचा अर्थ, माझ्याशी कोण लढतो? समोरून दुसरा हात वर येतो. पंच दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करतात, दंड आणि मांड्या नजरेनं तोलतात आणि सांगतात, जोड बरोबर आहे. याला जोड लावणं म्हणतात. मोठ्या कुस्त्या आधीच नेमलेल्या असतात, पत्रकावर छापलेल्या. ऊन उतरू लागलं की पाच नंबर, चार नंबर असं करत मैदान वर चढतं. शेवटी दिवे लावून फेटे, हारतुरे आणि भाषणं होतात, आणि मग एक नंबरची कुस्ती.

मातीतल्या कुस्तीचा कायदा अगदी सोपा. पाठ लागली की हरला. गुण नाहीत, वजनाचा काटाही नाही. गादीवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात, प्रत्येक पकडीचे गुण असतात, दहा गुणांची आघाडी मिळाली की कुस्ती तिथंच संपते. मातीत दोन तुल्यबळ मल्ल एकमेकांच्या मानेवर हात ठेवून अर्धा तास खडाखडी करत राहू शकतात. मग लोक ओरडतात, पंच दटावतात, आणि शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली जाते. इनाम दोघांत निम्मं निम्मं. एक नंबरवर लोक संशय घेतात तो इथं. मोठं नाव असलेल्या दोघांना हरणं परवडत नाही. हरला की पुढच्या दहा गावांतला भाव उतरतो, बरोबरीत सुटला तर दोघांचाही राहतो. ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात. बरोबरीत सुटलेली प्रत्येक कुस्ती नुरा असते असं मी मुळीच म्हणणार नाही. पण दोन नंबरच्या पैलवानाला बरोबरी परवडत नाही, हे खरं. त्याला वर चढायचं असतं, आणि वर चढायला पाठ लावावीच लागते. म्हणून ढाक, एकलंगी, कलाजंग, मोळी हे डाव डोळ्यांनी पाहायचे असतील तर दिवे लागायच्या आधी मैदानात असावं.

जगात इतर ठिकाणी अशा दुसऱ्या फळीची सोय कशी करतात, हे पाहण्यासारखं आहे. न्यूझीलंडचं उदाहरण घ्या. तिथं आपल्या कुस्तीसारखीच रग्बी रक्तात आहे. १९७६ पासून तिथं प्रांतांची स्पर्धा होती, तिचे पहिला विभाग, दुसरा विभाग असे भाग होते. २००६ मध्ये त्यांनी ती मोडून नव्यानं बांधली. मोठ्या, पैसेवाल्या प्रांतांची एक स्पर्धा आणि लहान, ग्रामीण अशा बारा प्रांतांची वेगळी हार्टलँड चॅम्पियनशिप. या दुसऱ्या स्पर्धेतले खेळाडू हौशी. आठवडाभर आपापली कामं करायची आणि सुट्टीच्या दिवशी प्रांतासाठी मैदानात उतरायचं. पण त्यांच्या हंगामाला स्वतःचं वेळापत्रक आहे, गुणतक्ता आहे, मीड्स कप आणि लोकोर कप असे दोन स्वतंत्र करंडक आहेत, न्यूझीलंडच्या दोन मोठ्या खेळाडूंच्या नावांचे. दुसऱ्या फळीत पहिला आलेला तिथं पहिलाच असतो, आणि त्याचं नाव करंडकासह नोंदलं जातं.

आपल्याकडं दोन नंबरचा गुणतक्ता कुठं असतो? वस्तादाच्या डोक्यात, आणि पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या. अमक्याला अमक्यानं कोणत्या यात्रेत कोणत्या डावावर मारलं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. कागदावर काही नाही.

आता मुद्द्याचं. हा एक नंबर आणि दोन नंबर ठरतो कशावर? कौशल्यावर ठरतो असं आपण समजतो. ते अर्धंच खरं. बाकीचं अर्धं ठरतं वजनावर. मैदानात काटा नसतो म्हणून वजनाचा हिशेब नसतो असं नाही. उलट काटा नाही म्हणूनच जो अवजड तो वर. सव्वाशे किलोच्या मल्लापुढं साठ किलोचा मल्ल कितीही चपळ असो, जोडच लागत नाही. लोकांना डोंगरावर डोंगर आदळलेला पाहायचा असतो. महाराष्ट्र केसरीचा किताबही तसाच. १९६१ साली तेव्हाच्या औरंगाबादेत सांगलीचे दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हापासून ती गदा महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालमीचं स्वप्न आहे. राज्य अधिवेशनात माती आणि गादी अशा दोन्ही विभागांत निरनिराळ्या वजनांच्या कुस्त्या होतात. पण गदेची लढत ८६ ते १२५ किलोंच्या गटातली. म्हणजे ५७, ६१, ६५ किंवा ७४ किलोचा पोरगा आपल्या वजनात राज्यात पहिला आला, तरी महाराष्ट्र केसरी होऊ शकत नाही. एप्रिल २०२२ मध्ये हे अधिवेशन साताऱ्यात झालं. कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलनं विशाल बनकरला हरवून गदा घेतली, ते सगळ्यांना आठवतं. त्याच दिवसांत हलक्या वजनांत सुवर्णपदकं कुणी घेतली, हे विचारलं तर मैदानात बसलेले शौकीनही डोकं खाजवतील.

आणि इथंच गंमत आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा वजनगट ५७ किलोचा. त्याआधी १९४८ ला लंडनमध्ये ते सहावे आले होते, ते तर त्याहून हलक्या गटात. पदक घेऊन आल्यावर कऱ्हाडहून त्यांना बैलगाड्यांच्या मिरवणुकीत गावी नेलं. शंभरावर बैलगाड्या होत्या म्हणतात. पण याच खाशाबांना आजच्या एखाद्या यात्रेत उभं केलं, तर पत्रकावर कितवा नंबर मिळेल? माझ्या अंदाजानं चौथा किंवा पाचवा.

हा केवळ योगायोग म्हणावा तर पुढची यादी पाहा. सुशील कुमारची २००८ आणि २०१२ ची पदकं ६६ किलोची. योगेश्वर दत्तचं ६० किलोचं. टोकियोत रवी दहियाचं रौप्य ५७ किलोचं, बजरंग पुनियाचं कांस्य ६५ किलोचं. २०२४ ला पॅरिसमध्ये अमन सेहरावतचं कांस्य पुन्हा ५७ किलोचं. हेलसिंकी ते पॅरिस बहात्तर वर्षं झाली. या सगळ्या काळात भारताच्या एकाही अवजड पैलवानाला ऑलिंपिक पदक मिळालेलं नाही. आपल्याच महाराष्ट्रात बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे घ्या. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. त्याच्याही वजनाला महाराष्ट्र केसरीची गदा नव्हती.

अवजड मल्लांना कमी लेखायचं हे कारण नव्हे. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि मिरजेजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने हे दोघेही हिंद केसरी, दोघेही १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेतले सुवर्णविजेते. ते होते तेव्हा एक नंबर खरोखर एक नंबर होता. पण ऑलिंपिकच्या दाराशी आपली जी माणसं पोचली ती हलकी होती, आणि हलक्यांसाठी आपल्या मैदानात जी रक्कम ठेवतो ती उरलीसुरली असते.

आमचे एक मामू दोन नंबरचे पैलवान होते. फार तर सत्तर किलो भरले असते. त्यांच्या तालमीत भिंतीवर मारुतीची तसबीर आणि कोपऱ्यात मोहरमला पंजे बसवायचा ओटा. हौद्यात उतरताना मामू चिमूटभर माती कपाळाला लावत, वस्तादांच्या पायाला हात लावत आणि मग शड्डू ठोकत. या तीन गोष्टींत कुठं आपलं आणि कुठं परकं, हा प्रश्न त्यांना कधी पडलेला मी पाहिला नाही. शब्दांनाही तो पडत नाही. कुस्ती, पैलवान, खुराक हे शब्द फारसीतून आले. वस्ताद म्हणजे उस्ताद, तोही तिकडचाच. तालीम आणि इनाम अरबी. मल्ल आणि आखाडा संस्कृताच्या घरचे. हलगी, घुमकं, लांग, शड्डू हे इथल्याच मातीतले. कविता करणाऱ्यानं निदान एकदा तरी मैदानाचं पत्रक शब्दाशब्दानं वाचावं. अठरापगड शब्द एका ओळीत गुण्यागोविंदानं उभे असतात.

मामूंचा खुराक हा घरातला कायमचा विषय होता. दूध, तूप, बदाम, आठवड्याचं मटण. नानी म्हणायची, एक पैलवान पोसायचा म्हणजे दोन म्हशी आणि अर्धी बहीण विकायची. अर्धी बहीण म्हणजे माझी आई. तिच्या वाट्याचं दूध मामूंकडं जायचं. हंगामात मामू वीस-पंचवीस कुस्त्या करत. इनामातून वस्तादांची गुरुदक्षिणा, बरोबरच्या पोरांचं जेवण, गाडीभाडं वजा जाता जे उरे ते पावसाळ्यातल्या खुराकाला. शिल्लक अशी नव्हतीच. तिशीला गुडघा गेला आणि कुस्ती थांबली. ज्यांच्या नावापुढं किताब आहे त्यांना सरकारी मानधन मिळतं, आणि ते मिळायलाच हवं. मामूंच्या नावापुढं काही नव्हतं. उरले ते दोन मोडलेले कान. बाजारात अनोळखी माणूसही ते कान पाहून पैलवान म्हणून हाक मारी आणि चहा पाजी. एवढीच त्यांची पेन्शन.

पूर्वी अशा मल्लांना पोलिसात, एसटीत, साखर कारखान्यात जागा मिळून जात. खाशाबासुद्धा १९५५ मध्ये पोलिसात फौजदार म्हणून लागले. आता भरतीच्या परीक्षा आल्या, कंत्राटं आली, ती वाट अरुंद झाली. त्यात २०२० आणि २०२१ असे दोन उन्हाळे टाळेबंदीनं खाल्ले. चैत्रातल्या यात्रा बंद म्हणजे पैलवानाचं वर्षच बंद. एक नंबरचा मल्ल नावावर तगून गेला. दोन नंबरची कितीतरी पोरं तेव्हा दूध घालायला, ऊसतोडीच्या वाहनांवर, मिळेल त्या कामाला गेली, आणि एकदा खुराक तुटला की शरीर परत येत नाही. त्यानंतर मैदानं पुन्हा जोरात सुरू झाली. पण आता एक नंबरला पंजाब, हरियाणाचे, क्वचित इराणचे मल्ल बोलावण्याची चढाओढ आहे. गर्दी जमते, हे खरं. मात्र मैदानाची तिजोरी एकच असते. वरच्या कुस्तीचा आकडा फुगला की खालच्यांचा आटतो. एका पत्रकावर मी एक नंबर आणि दोन नंबर यांच्या इनामात दसपट फरक पाहिला आहे.

करता येण्याजोगं काही आहे का? यात्रा कमिटीत बसणारे आपलेच लोक आहेत, म्हणून बोलतो. एक नंबरची एक कुस्ती करण्याऐवजी तेवढ्याच पैशात ६० किलोंची, ७० किलोंची आणि खुली अशा तीन कुस्त्या सारख्या मानानं लावाव्यात. बाजूला एक साधा वजनकाटा ठेवावा, धान्याच्या दुकानात असतो तसला. आणि बरोबरीत सुटलेल्या कुस्तीचं निम्मं इनाम पोरांच्या कुस्त्यांना वळवावं. मग बघा कशा निकाली होतात. काही कमिट्या वेळ ठरवून देतात आणि वेळ संपला की गुणांवर निकाल लावतात. तेही चांगलं आहे. मातीच्या शुद्धतेला त्यानं बाधा येते असं जुने लोक म्हणतात, पण ताक, लिंबू, हळद आणि तेल घालून मळलेली माती गुण मोजल्यानं बिघडत नाही.

बदल होत नाही असंही नाही. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली, आणि तुंगच्या प्रतीक्षा बागडीनं कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून पहिली गदा घेतली. मुलींच्या कुस्त्या गावच्या पत्रकावर छापलेल्या असतात. त्या सहसा दुपारी लावतात, पाच नंबरच्याही आधी. पण आमच्या शेजारच्या गावात गेल्या यात्रेत मुलींची एक जोड लागली, आणि चौथ्या मिनिटाला एकीनं दुसरीला ढाकेवर घेतली, तेव्हा झाडावर बसलेली पोरं खाली उतरून हौद्यापाशी आली.

चैत्र जवळ आला आहे. आपल्या आसपास कुठं ना कुठं मैदान असेलच. पत्रक बघून जा, आणि जाल तेव्हा दुपारी तीनलाच जा. पूर्वेच्या अंगाला बसू नका, उतरतं ऊन डोळ्यावर येतं. खिशात दहा-वीसच्या नोटा सुट्ट्या असू द्या. आवडलेल्या पैलवानाला हौद्यापाशी जाऊन हातात बक्षीस द्यायची रीत आहे, आणि तीन-चार नंबरच्या पोरांना त्या नोटांचाच आधार असतो. नाव विचारून घ्या. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत शेवटच्या ओळीत ते सापडलं तर बरं, नाहीतर तुम्हाला तरी ठाऊक असेल.